उत्तमरावांच्या काठीचा पाइप

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. जुना म्हणजे आठ वर्षांचा. पण त्यातली पाच वर्षं उघड्या गच्चीवर गेली, म्हणून वयापेक्षा जुना दिसतो. रंग काळा, लांबी साडेसात फूट, रुंदी चार इंच. माझ्या कमरेत थोडा बाक आहे. तो जन्मापासूनचा नाही, आणि तो कसा आला तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म राजस्थानात, चौमूं गावाजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हाला दहा-दहा फुटांवर कापत आणि ट्रकवर चढवत. आमच्या नशिबात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं: न्हाणीघराचं सांडपाणी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कुणीतरी ते वाहायलाच हवं. मला मात्र तेही मिळालं नाही. जयपूरमधल्या एका घरमालकाने बांधकामासाठी एक पाइप जास्त मागवला, आणि तो जास्तीचा पाइप नेमका मी निघालो. पाच वर्षं मी कठड्याला लागून पडून होतो. कबुतरं माझ्यावर बसत. टाकी भरून वाहिली की पाणी माझ्या पोटात साचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग त्या घरात राजन भाड्याने राहायला आले. मूळचे मालवणचे, विमा कंपनीत अधिकारी, दर तीन-चार वर्षांनी बदली. सोबत पत्नी रत्नप्रभा आणि बारा वर्षांची मुलगी अनुया. समुद्राकाठचा माणूस वाळवंटाच्या दारात आला तरी त्याची हौस थोडीच सुटते? त्यांनी फायबरची एक छोटी, जुनी नाव घेतली आणि ती गाडीमागून ओढायला दोन चाकांची ट्रॉली. सुट्टीला परवानगी काढून ते धरणावर जात आणि गळ टाकून बसत.

त्यांच्याकडे गळाच्या दोन काठ्या होत्या. एक दुकानातून आणलेली. दुसरी त्यांच्या वडिलांची, उत्तमरावांची. ती अखंड सात फुटांची होती, आणि दोर जाण्यासाठी तिच्यावर ज्या कड्या होत्या त्या उत्तमरावांनी स्वतःच्या हातांनी धाग्याने बांधल्या होत्या. मुलगा पहिल्या नोकरीला निघाला तेव्हा त्यांनी ती त्याला दिली.

एकदा कानोता धरणाहून परतताना दोन्ही काठ्या नावेत उभ्याच राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाची फांदी खाली झुकली होती. तिच्याखालून गाडी गेली, नाव गेली, दुकानातली काठी मात्र शेंड्याशी मोडली. उत्तमरावांची काठी जेमतेम दोन बोटांनी वाचली. राजन उतरले आणि मोडलेली सोडून ती न मोडलेलीच काठी बराच वेळ चाचपत राहिले.

त्याला कारण होतं. उत्तमरावांना त्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. उजव्या हातात जोर राहिला नव्हता. त्यांनी आपली होडी विकली. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. सोबत कुणी असेल तर खाडीत बसा म्हणाले. त्यावर उत्तमरावांनी मुलाला फोनवर एवढंच विचारलं, “माजी काठी आसा मां रे?”

“आसा, बाबा. घेवन येतंय,” राजन म्हणाले.

मे महिन्यात नाव आणि काठी दोन्ही मालवणला न्यायचं ठरलं. सोळाशे किलोमीटरांच्या वर रस्ता. नाव ट्रॉलीवर बसेल, पण सात फुटांची काठी गाडीत मावेना, आणि ती नावेत मोकळी ठेवायची तर खड्ड्याखड्ड्याला आपटणार. राजन विचार करत गच्चीवर फिरत होते, तेव्हा त्यांचा पाय मला लागला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं. मला घासून धुतलं, मापाने कापलं. एका टोकाला झाकण कायमचं चिकटवून आत स्पंज घातला, दुसऱ्या टोकाला फिरवून उघडायचं झाकण बसवलं. रत्नप्रभाताईंनी विरलेल्या जयपुरी रजईची लांब खोळ शिवली. काठी त्या खोळीत जाई आणि फक्त मूठ बाहेर राही. मी कुणाच्या तरी कामाचा झालो होतो.

शेवटी राजननी मला काळा रंग दिला. “लोकांना गटाराचा पाइप वाटायला नको,” ते म्हणाले. मीही फुशारलो. काळा रंग ऊन किती पितो, याचा विचार त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही.

आता दुसरी चूक ऐका. बदलीवर जगणाऱ्या घरांचा एक नियम असतो: कुठलीही पोकळी रिकामी जाऊ द्यायची नाही. कुकरमध्ये डाळ, बुटांत मोजे, बादलीत चपला. रत्नप्रभाताईंनी या नियमावर पाच शहरं बदलली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चारदीवारीतून, म्हणजे जुन्या जयपूरच्या बाजारातून, नणंदेसाठी दोन डझन लाखेच्या बांगड्या आणल्या. माझं झाकण उघडून पाहिलं, तर मुठीभोवती जागा मोकळी. त्यांनी बांगड्या एकेक करून मुठीवर ओवल्या आणि झाकण लावून टाकलं.

मला नावेच्या कडेला पट्ट्यांनी बांधलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही उदयपूरपर्यंत आलो. आभाळात धूळ होती, ऊन मवाळ होतं. वाटेत बांगड्या किणकिणत. प्रत्येक थांब्यावर अनुया मला हलवून तो आवाज ऐके. दुसऱ्या दिवशी हिंमतनगरच्या पुढे ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. एका ढाब्यासमोर भर उन्हात आम्ही अडीच तास उभे होतो. मी इतका तापलो की आतून मऊ पडल्यासारखं वाटू लागलं. जिथे पट्टा आवळला होता तिथे कंबर हळूहळू वाकली.

निघताना अनुयाने मला हलवलं. आवाज आला नाही.

“बाबा, बांगड्या वाजतच नाहीत.”

झाकण उघडलं. चोवीस बांगड्यांचा एक लाल-हिरवा गोळा झाला होता. तो मुठीलाही चिकटला होता आणि माझ्या भिंतीलाही. काठी जागची हलेना.

“अगं, हे काय घातलंस?”

“जागा रिकामी होती,” रत्नप्रभाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

राजननी मूठ धरून ओढायला सुरुवात केली. आत काहीतरी करकरलं. मला केलं होतं ती काठी राखायला, आणि आता ती माझ्याच पोटात मोडणार होती.

“ओढू नका हो. मोडली तर बाबांना काय तोंड दाखवायचं?” रत्नप्रभाताई म्हणाल्या.

तोवर अनुयाने बांगड्यांच्या पुडीवरचा नंबर फिरवला होता. तिकडे बांगड्या घडवणारी बाईच फोनवर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खींचना मत, बेटा. लाख गरमी में चिपकती है, ठंडी में टूटती है. बर्फ लगाओ.”

ढाबेवाल्याने लस्सीचा बर्फ पिशव्यांत भरून दिला. मला सावलीत आडवं ठेवलं. तासाभराने राजननी ढाब्यातलं लाटणं घेऊन माझ्या तोंडाशी हलके हलके ठोकलं. लाखेचे तुकडे टपटप खाली पडले. काठी बाहेर आली, शाबूत. कड्यांचा एक धागाही सुटला नव्हता. फक्त मुठीवर बोराएवढा लाल गोळा राहिला. तो काही केल्या निघेना, म्हणून घरी जाऊन काढू असं ठरलं. पुढच्या साऱ्या प्रवासात माझ्यावर ओली गोणी होती, आणि आत काठीशिवाय काहीही नव्हतं.

मालवणला उत्तमराव घरापुढच्या खळ्यात बसूनच होते. राजननी काठी त्यांच्या हातात दिली. मूठ त्यांच्या बोटांतून निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्यांदा त्यांचा अंगठा त्या लाखेच्या गोळ्याला टेकला आणि तिथेच थांबला. काठी हातात राहिली.

“बाबा, ता काढूचा आसा,” राजन म्हणाले.

“काढू नको. हय आंगठो बरो बसता.”

रत्नप्रभाताई आत गेल्या. त्यांनी डोळे पुसले ते मला दारातून दिसलं.

आता नाव खाडीत आहे आणि मी खळ्यातल्या सावलीत भिंतीला टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही जपण्यासारखं काही असेल. त्याला उन्हापासून राखा, गच्च बांधा, पण त्याच्याभोवतीची थोडी जागा मोकळी सोडा. ती जागा वाया जात नसते. आणि चुकून अडकलंच, तर ओढू नका.

खाडीवरून परत आल्यावर काठी माझ्यात ठेवायचं काम उत्तमराव कुणाला करू देत नाहीत. शेंडा माझ्या तोंडाच्या इकडेतिकडे जातो. काल तीनदा चुकला. मी थांबून राहिलो. चौथ्यांदा काठी आत आली.