शेवटच्या गाडीचा गोळा

आमच्या छोट्या गाडीचा इतिहास लिहायला घेतला, हा माझा पहिला गाढवपणा. तो मामाला दाखवायला नेला, हा दुसरा.

अडीच फुटी रूळ, सात स्टेशनं, आणि वेग असा की गाडी चुकलेला माणूस पुढच्या स्टेशनवर चालत जाऊन तिची वाट बघत बसे. गाडीची छप्पन्न वर्षं लिहून झाली. एकच जागा रिकामी राहिली: शेवटची गाडी किती वाजता पोचली? मामा त्या शेवटच्या स्टेशनचा मास्तर.

"पोचलेली नाही," मामा म्हणाला.

"अरे मामा, मी स्वतः त्या गाडीतून उतरलोय!"

"तू उतरला असशील. गोळा कुठाय?"

गोळा म्हणजे लोखंडी चेंडू. एकेरी रुळावर तो ज्या ड्रायव्हरकडे, त्यालाच पुढे जायची परवानगी. पोचल्यावर तो मास्तरच्या हाती दिला, की गाडी आली. त्या दिवशी निरोपाची गर्दी रुळावर चढली, म्हणून मामाने गाडी सिग्नलपाशी अकरा मिनिटं रोखली. ड्रायव्हर मामीचा सख्खा भाऊ. तो भडकला, गाडी फलाटाला लावून पलीकडच्या बाजूने उतरला आणि गोळा डब्याच्या पिशवीत घालून घरी गेला. याला एकतीस वर्षं झाली.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण सोमवारी स्टेशन पाडणार होते. रविवारी मामाची लेक मोटार घेऊन दारात उभी, आणि मामा क्वार्टरमधून हलेना. "गाडी वाटेत असताना मास्तर स्टेशन सोडत नाही."

मी ड्रायव्हरकडे तीन फेऱ्या मारल्या. गोळा उघड्या दाराला टेकण म्हणून लावलेला होता.

"भावोजींना म्हणावं, येऊन घेऊन जा."

"त्यांना स्टेशन सोडता येत नाही."

"का?"

"तुम्ही अजून पोचला नाहीत म्हणून!"

"म्हणजे चूक पुन्हा माझीच," असं म्हणत त्याने चपला शोधल्या.

मामा टोपी घालून फलाटावर उभा होता. त्याने गोळा घेतला, उलटसुलट करून पाहिला, घड्याळ पाहिलं आणि रजिस्टर उघडलं. "उशिराचं कारण?"

"लिहा, सिग्नल दिला नाही."

"ती अकरा मिनिटं माझी. बाकीचं?"

बाहेर लेकीने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

"बाकीचं... दार सारखं आपटायचं."

मामाने ते अक्षरशः लिहून घेतलं, फुंकर मारून शाई वाळवली, त्याची सही घेतली, आपली केली. मग टोपी खुंटीला अडकवून माझ्यावरच खेकसला, "बघत काय बसलायस? पेटी उचल. आधीच उशीर झालाय."

पेटीची दुसरी कडी ड्रायव्हरने धरली. मोटारीपर्यंत दोघे त्या अकरा मिनिटांवरून भांडत होते. मामाच्या मते ती नऊच होती.