दोन कोपरांखालची खुर्ची

मित्रांनो, आधी फोतिनीचा फायदा सांगते, मग माझं काय ते.

आमच्या बेटावर बोटीच्या धक्क्यापाशी फोतिनीचं कॉफीचं दुकान आहे. बाहेर टेबलं पाच. त्यातली दोन रोज सकाळी सिदेरिस आणि अनार्गिरोस हे दोघे म्हातारे भाऊ अडवून बसत. टेबलं दोन, कारण अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. शिवाय आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तीन खुर्च्या लागतात: एक बसायला, एक पाय टेकायला आणि एक कोपर ठेवायला. भाऊ बोलू लागले असते तर फोतिनीचं एक टेबल सुटलं असतं आणि तिच्या हातून झालेली एक जुनी चूकही निस्तरली असती.

बसायच्या आणि पायाच्या खुर्च्या दोघांच्या वेगळ्या होत्या. कोपराची खुर्ची मात्र दोघांत एकच होती. ती मी.

मी तुतीच्या लाकडाची आहे. माझी बैठक लव्हाळ्याची आणि अंगावर निळ्या रंगाचे सात थर. मला या दोघांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलं. त्यांचा खुबा दुखायचा, दुकानातल्या बुटक्या खुर्च्या त्यांना चालत नसत, म्हणून मी इतरांपेक्षा चार बोटं उंच आहे. सव्वीस वर्षं ते माझ्यावर बसले. उठताना माझ्या पाठीवर थाप मारायचे. त्या थापेसारखं कौतुक मला नंतर कुणी केलं नाही.

ते वारले तेव्हा त्यांना पुरून आल्यावर सगळं गाव इथेच कॉफी प्यायला बसलं. आमच्याकडे ती कॉफी मुलांनी पाजायची असते. अनार्गिरोसने खिशात हात घातला तेव्हा फोतिनी म्हणाली, "पैसे आले. सिदेरिसकाकांनी सकाळीच दिले." सगळ्या गावासमोर धाकट्याचा हात खिशातच राहिला. त्या दिवसापासून भाऊ बोलले नाहीत. "ही खुर्ची माझी" असं म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून तेही कुणी म्हणालं नाही. दोघे समुद्राकडे तोंड करून बसत. एकाचं डावं कोपर, दुसऱ्याचं उजवं, मध्ये माझी पाठ. माझ्यावर मात्र कुणीच बसत नसे.

बसायला म्हणून केलेल्या वस्तूवर कुणी बसेनासं झालं की ती फार थकते, मित्रांनो. लव्हाळं सुकतं, सांधे सैल होतात. फोतिनी मला दर हिवाळ्यात आत घ्यायची, पण रंग काही तिने पुन्हा लावला नाही.

एका मंगळवारच्या बोटीने क्लेआन्थिस नावाचा पाहुणा उतरला. थेस्सालोनिकी शहरात बसवर एकतीस वर्षं चाक फिरवून नुकताच निवृत्त झालेला. शुक्रवारी परत जाणार होता. त्याला काही बघायचं नव्हतं. तीन दिवस नुसतं बसायचं होतं. आला तेव्हा बाकीच्या टेबलांवर कोळ्यांनी जाळी पसरलेली. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"इथे कुणी बसतं का?"

"बसा," सिदेरिस म्हणाला.

"बसा," त्याच क्षणी अनार्गिरोस म्हणाला.

पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. दोन्ही कोपरं उचलली गेली आणि अकरा वर्षांनी माझ्यावर एक माणूस बसला. मी करकरले. तोही कण्हला. त्याची कंबर माझ्याइतकीच झिजलेली होती. आम्ही दोघे बराच वेळ समुद्राकडे बघत राहिलो आणि मला वाटलं, आता तीन दिवस बरे जातील.

मग फोतिनीने त्याच्यासमोर दोन कॉफ्या ठेवल्या.

"मी एकच सांगितली होती."

"एक सिदेरिसकाकांकडून, एक अनार्गिरोसकाकांकडून."

पाहुण्याने उजवीकडे मान लववली, डावीकडे लववली आणि दोन्ही प्यायला. करतो काय? अर्ध्या तासाने सिदेरिसने पाहुण्याला आणखी एक म्हणून बोट वर केलं. अनार्गिरोसने ते बघितलं आणि स्वतःचंही केलं. बुधवारी सहा कॉफ्या झाल्या. गुरुवारी सकाळी पाहुण्याचे डोळे लाल होते आणि माझ्यावर टेकलेली मांडी थरथरत होती.

भाऊ जेवायला घरी गेल्यावर तो फोतिनीला म्हणाला, "बाई, मी इथे झोप काढायला आलो. डोळ्याला डोळा लागत नाही. छाती धडधडतेय."

"मग एकाची नाकारा."

"कुणाची?"

"ते सांगता आलं असतं तर मी मागेच सुखी झाले असते," फोतिनी म्हणाली. समोर बसून तिने त्याला पुरण्याच्या दिवसाची गोष्ट सांगितली. "घाई मी केली. मोठ्याचे पैसे घेताना धाकट्याला विचारायला हवं होतं. दोघांना हजारदा सांगून बघितलं. मोठा म्हणतो, त्याने आधी बोलावं. धाकटा म्हणतो, त्याने."

"मग कोण बोलणार?"

फोतिनीने टेबल पुसायला घेतलं. पुसता पुसता थांबली. "उद्याची कॉफी तुम्ही द्या. तुमची आणि त्या दोघांचीही. पाहुण्याकडून असे पैसे घ्यायची इथे रीत नाही, पण मी घेते."

पाहुणा जपून हसला. "असं केल्यावर मला इथे परत तोंड दाखवता येईल का?"

"तुम्हाला येईल. मला येणार नाही."

शुक्रवारी भाऊ लवकर आले, दोघांच्या मुठीत नोट. निरोपाची कॉफी आपणच पाजायची, हे दोघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं. पाहुण्याने शेवटचा घोट घेतला, उठला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. अगदी तशीच. मग पिशवी घेऊन बोटीकडे गेला. भोंगा झाला तेव्हा फोतिनी दारात आली.

"मुठी सोडा, काका. पाहुण्यांनी कॉफीचे पैसे दिले."

"त्यांचे?" सिदेरिस म्हणाला.

"त्यांचे. तुमचे दोघांचेही."

धक्क्यावर जाळी शिवणारे हात थांबले. पाहुण्याने गाववाल्याला पाजली आणि तीही भर धक्क्यावर, असं आमच्याकडे कुणाच्या आठवणीत नव्हतं. दोघे एकदम उठले, वाटेतून मला बाजूला करायला दोघांनी एकदम धरलं आणि दोन दिशांना ओढलं. माझा पुढचा पाय कडकन मोडला.

"तू काय करत होतास?" सिदेरिस म्हणाला. भावाला म्हणाला.

"मी? माझ्या आधीपासून तूच बसलायस इथे."

"तुझं लक्ष कुठे होतं?"

"तुझ्या मुठीकडे."

मी जमिनीवर आडवी पडून ऐकत होते. दोघे भांडत बोटीकडे धावले, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जमेल तितके. बोटीची फळी वर गेली होती. पाहुणा कठड्यावरून हात हलवत होता आणि हे दोघे त्याला मुठी दाखवत होते. परत येतानाही त्यांचं भांडण चालूच होतं. ते एकाच टेबलावर बसले, कारण दोन टेबलांवरून भांडायला घसा पुरत नव्हता. फोतिनी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या मंगळवारच्या बोटीने क्लेआन्थिसच्या नावाने तेलाचा एक डबा आणि सुक्या अंजिरांची माळ गेली. पत्ता धाकट्याने लिहिला, मोठ्याने त्याच्या अक्षराला नावं ठेवली. माझा पाय सिदेरिसने जैतुनाच्या लाकडाचा केला. अनार्गिरोस म्हणतो तो बोटभर आखूड झाला, आणि खरंच झालाय. खाली घडी घातलेला पुठ्ठा असतो. आता मी त्यांच्या एकाच टेबलाशी असते, आणि जो आधी येईल तो माझ्यावर बसतो. दुसरा उशिरा आल्याबद्दल दुपारपर्यंत कुरकुरतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही कोपऱ्यात एखादी जुनी खुर्ची असेल. तिला ओढत नेऊ नका, उचलून ठेवा. कपडे टाकायला आणि कोपर टेकायला तिला ठेवू नका. अधूनमधून तिच्यावर बसा आणि उठताना एक थाप द्या. तिला त्याहून जास्त काही नको असतं.

आता कुणी किती दिलं ते सांगते. पाहुण्याने तीन कॉफ्यांचे पैसे आणि तीन दिवसांची झोप दिली. भावांनी अकरा वर्षं दिली, ती परत मिळणारी नव्हती. फोतिनीचं एक टेबल सुटलं खरं, पण पाहुण्याकडून पैसे घेणारी बाई म्हणून गाव तिला अजून ऐकवतं, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात तेच दोघे ऐकवतात. ती कॉफी ठेवते आणि जाते.

पाय माझा गेला. त्याबद्दल मात्र मला अजून कुणी काही म्हटलेलं नाही.