काचेपलीकडचे तिघे

डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिला एका रुग्णाच्या आठ भेटी पूर्ण करायच्या होत्या. औषधं घेऊनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही, अशांना सावकाश श्वास घ्यायला शिकवायचं आणि ते कितपत जमतंय हे तीन परीक्षकांनी शेजारच्या अंधाऱ्या खोलीतून काचेआडून बघायचं. काच अशी, की परीक्षकांना रुग्ण दिसावा आणि रुग्णाला आरसा. रुग्णाची तशी लेखी परवानगी घेतलेली असे.

तिच्या वाट्याला आले एक शिंपीकाका. सदुसष्ट वर्षांचे, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, आणि दाब एकशे सत्तरच्या खाली यायला तयार नाही.

"श्वास मी आजवर न शिकताच घेत आलोय, बाई," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"घरी रोज दहा मिनिटं कराल ना?"

"बघू."

ते काही करत नव्हते. पण दुसऱ्या भेटीपासून खुर्चीत निवांत बसायचे, तिच्या खांद्यावरून आरशाकडे बघायचे, मधेच गालातल्या गालात हसायचे. दाब एकशे अठ्ठावन्न झाला, मग एकशे सेहेचाळीस, पाचव्या भेटीला एकशे अडतीस. परीक्षकांचे शेरेही छान येत होते. 'नजरेचा संपर्क उत्तम.' 'रुग्णाच्या चेहऱ्यावरचे बदल अचूक टिपते.'

घरी आई विचारायची, "अगं, पण तू नेमकं करतेस काय?"

"बोलते त्यांच्याशी."

"माझ्याशीही बोलतेस की. मग माझा का चढतो?"

सहाव्या भेटीत शिंपीकाका हळूच म्हणाले, "मधल्या साहेबांना सांगाल का, सदऱ्याचा डावा खांदा उतरलाय. इतके आठवडे बघतोय, जीव तुटतो."

तिनं मागे वळून पाहिलं. पलीकडची खोली लख्ख उजळलेली होती. तिचे मार्गदर्शक सर मधोमध बसून काचेत बघत भांग पाडत होते. संख्याशास्त्राच्या मॅडम हसण्याचे निरनिराळे प्रकार करून पाहत होत्या. हृदयरोगाचे डॉक्टर जीभ बाहेर काढून तिची बारकाईनं तपासणी करत होते. तिघांचीही नजर थेट तिच्यावर होती आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

पहिल्या भेटीनंतरच्या सुट्टीत रंगकाम झालं तेव्हा वायरमननं दोन्ही खोल्यांची बटणं उलटसुलट जोडली होती. आपल्या खोलीतला मंद उजेड रुग्णाला शांत वाटावं म्हणून ठेवलाय, असं ती समजून चालली होती.

भेट संपल्यावर ती सरांकडे गेली. "सर, तुम्हाला आम्ही दिसत होतो का?"

सरांनी चष्मा पुसला. "आवाज स्पष्ट येत होता."

"आणि दिसत?"

"मला वाटलं, माझ्या चष्म्यातच काहीतरी आहे. बाकीचे दोघं भराभर लिहीत होते."

बाकीच्या दोघांनीही चष्म्याचंच कारण सांगितलं. डॉक्टरांना तर चष्मा नव्हता.

बटणं दुरुस्त झाली. सातव्या भेटीत शिंपीकाकांना समोर स्वतःचाच चेहरा दिसला आणि दाब एकशे अडुसष्टवर गेला. समिती दोन तास बसली. दिवे पुन्हा उलटे करावेत आणि परीक्षकांनी पूर्वीसारखं नैसर्गिक वागावं, असं लेखी ठरलं.

आठव्या भेटीला तिघं कडक इस्त्रीत आले आणि ताठ बसले. पाच मिनिटांनी शिंपीकाका म्हणाले, "आज मुलगी बघायला आल्यासारखे बसलेत." दाब एकशे एकाहत्तर.

ती उठली आणि परीक्षकांच्या खोलीत गेली.

"डोळे मिटा. खांदे सैल सोडा."

"हे मी रुग्णांना रोज सांगतो," डॉक्टर म्हणाले.

"मग आज करा."

त्यांनी केलं. संख्याशास्त्राच्या मॅडम चारपर्यंत मोजताना दोनदा चुकल्या. पंधराव्या मिनिटाला सर मॅडमच्याच खांद्यावर मान टाकून झोपले. समोरच्या आरशात तिला ते तिघं आणि ती स्वतः, एवढंच दिसत होतं. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून काकांचा आवाज आला, "बाई, डॉक्टरसाहेब घाई करतायत. माझ्याबरोबर घ्यायला सांगा."

नंतर नर्सनं येऊन सांगितलं, पोटावर हात ठेवून काका बराच वेळ त्यांच्याबरोबर श्वास घेत होते. दाब एकशे चौतीस.

तोंडी परीक्षेत डॉक्टरांनी विचारलं, "यात उपचार नेमका कुठला?"

तिनं उत्तर संदर्भांसकट पाठ केलं होतं. तोंडून वेगळंच निघालं. "काका दोन वर्षं घरी एकटेच जेवतात, एकटेच बसतात. इथे समोर कुणीतरी बसलेलं दिसायचं."

मग मॅडमनी विचारलं, चाळीस रुग्ण घ्यायचे तर किती खोल्या लागतील.

प्रबंध एका दुरुस्तीसह मंजूर झाला. 'साधने व उपकरणे' या प्रकरणात तिन्ही परीक्षकांची नावं घालायची होती. तिनं ती त्याच संध्याकाळी टाइप केली. आपलं नाव पहिलं असावं, एवढंच सरांचं म्हणणं होतं.