न पिळलेली कॉफी

आईची जीभ म्हणजे त्या कॉफीच्या दुकानातलं शेवटचं कोर्ट. नव्या बियांचं पोतं आलं की व्यापारी काय गोडवे गातो याला तिथे काडीची किंमत नसे. थोरली लेक मागच्या खोलीत दोन कप काढायची, एक जुन्या बियांचा, एक नव्यांचा, आणि कपांच्या बुडाला खडूने खुणा करायची. आई पुढे डोळे मिटून बसायची. दोन्हींचा एकेक घोट घ्यायची, मग जो पसंत पडेल तो तळापर्यंत प्यायची आणि बशीत पालथा घालायची. बूड वर आलं की खूण दिसायची. विषय संपला. त्यावर अपील नाही, की रुसवाफुगवा नाही.

तर अशा या आईने यंदा जाहीर केलं की गुडघे बोलायला लागलेत, आता दुकान एका पोरीच्या हवाली करते. आणि कोणाच्या, ते कपच ठरवेल. दोघींनी एकेक कप काढायचा, तेच बी, तीच किटली, गाळायची तीच कापडी पिशवी. जिचा कप पालथा पडेल तिचं दुकान.

समोरचे शिंपीकाका हे ऐकून म्हणाले, "वहिनी, पोरी आहेत त्या, पोती नाहीत."

"म्हणूनच म्हणते," आई म्हणाली. "तोंडाने सांगितलं तर एक जन्मभर मला बोल लावेल. जिभेला कोण बोल लावतंय."

थोरलीचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. लागणारच हो. शाळा सुटल्यापासून ती त्या मागच्या खोलीत उभी होती. धाकटीचं तसं नव्हतं. ती मोठ्या शहरात मोठ्या कॉफीघरात नोकरी करून आली होती, उद्या परत गेली तरी लोक पायघड्या घालून घेतील. थोरलीला मात्र कॉफी काढण्यापलीकडे काही येत नव्हतं. दुकान गेलं तर ती कोण, हा प्रश्न तिला पडला होता आणि उत्तर सुचत नव्हतं.

धाकटी आली ती एक बॅगभर भांडी घेऊन. दट्ट्याची काचेची बरणी, कागदी गाळण्या, पत्र्याची दोन मजली किटली, काय न् काय. आली तशी दुसऱ्याच दिवशी तिने एकच बी चार तऱ्हांनी काढून दाखवलं. "कागद तेल अडवतो बघ, म्हणून ही हलकी, अगदी स्वच्छ लागते. बरणीत जाळी असते, ती काही अडवत नाही, म्हणून ही दाट, तळाला गाळ. या किटलीत वाफ पाणी वर ढकलते, ही अंगावर येते. आणि ही थंड पाण्यात रात्रभर भिजवलेली. कडूपणा नावाला नाही."

"थंड पाण्यात," थोरली म्हणाली. "म्हणजे चूलसुद्धा पेटवायची नाही. बरंय. आळशांची सोय झाली."

धाकटी हसली. तिला ताईचा स्वभाव माहीत होता. पण मग तिने थोरलीला कापडातून कॉफी काढताना पाहिलं आणि बोलू नये ते बोलून बसली. थोरली पुडीवर बारीक धारेने गोल गोल पाणी सोडायची, पूड फुगून वर यायची, खालच्या भांड्यात धार पडायची. इथवर सगळं देखणं. शेवटी मात्र ती पिशवी मुठीत धरून करकचून पिळायची, ओलं फडकं पिळावं तशी.

"ताई, पिळू नकोस गं. शेवटी पुडीत राहतं ते सगळं कडू असतं. ते कापडातच राहू द्यायचं."

"तू फ्रॉक घालून नाक पुसत फिरत होतीस तेव्हापासून पिळतेय मी," थोरली म्हणाली. "एक थेंब वाया घालवलेला नाही या दुकानाचा. आणि कोणी कधी नाव ठेवलेलं नाही."

दोन दिवस ती धाकटीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि एक कप न पिळता काढला. प्यायली. मग स्टुलावर बसून राहिली. कॉफी इतकी चांगली झाली होती की तिला रडू आलं. बियांमध्ये कुठेतरी गोडवा होता आणि तो तिने आजवर एकदाही चाखला नव्हता, रोज आपल्याच मुठीने झाकून टाकला होता. राग धाकटीचा आला, मग स्वतःचा आला. पण बाई खमकी. कप विसळून ठेवला आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

ठरल्या दिवशी सकाळची गर्दी ओसरली तशी आई खुर्चीत बसली. शिंपीकाका साक्षीदार म्हणून, आणखी दोन-चार रोजची गिऱ्हाइकं फुकटची करमणूक म्हणून. आधी धाकटी मागच्या खोलीत गेली, मग थोरली. दोघींनी आपापल्या कपाच्या बुडाला खूण केली होती, धाकटीने फुली, थोरलीने गोल.

थोरलीने पुडीवर धार धरली. पाणी सोडून झालं, मूठ आपसूक पिशवीकडे गेली. ती तिने मागे घेतली. पिशवी तशीच लोंबती ठेवली, शेवटचं पाणी कापडातच राहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी वाया घालवत होती आणि तिला त्याचं बरं वाटत होतं.

काकांनी दोन्ही कप आईपुढे नेऊन ठेवले. आईने डोळे मिटले. डावीकडच्या कपाचा एक घोट घेतला, क्षणभर थांबली, कप खाली ठेवला. उजवीकडचा घेतला. पहिल्याच घोटाला तिच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. आणि लगेच चेहरा निवला, हरवलेली वस्तू हाताला लागावी तसा. तोच कप ती प्यायला लागली. घोट घोट, तळापर्यंत, आणि पालथा घालून डोळे उघडायच्या आधीच म्हणाली, "झालं. माझ्या मनासारखं झालं. थोरले, ये इकडे."

बुडावर फुली होती.

 आईने कपाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असं कसं होईल," आई म्हणाली. "कडू होती की ही. चांगली करकचून पिळलेली."

"मी पिळली," धाकटी म्हणाली. "मुद्दाम पिळली, आई. मला नव्हतं जिंकायचं. मला नुसतं ताईबरोबर काम करायचं होतं, तूच हे कपांचं खूळ काढलंस. म्हटलं, खराब काढली की ताईची पसंत पडेल आणि भानगड मिटेल."

"आणि मी कडू लागली म्हणून प्यायले," आई म्हणाली. "म्हटलं, कडू म्हणजे हिचीच."

थोरली आईसमोर येऊन उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज अगदी साधा निघाला. "म्हणजे तुला ठाऊक होतं. माझी कॉफी कडू होते म्हणून."

"अगं, तू एवढी राबत होतीस. तुला काय सांगायचं?"

"सांगायचं. एवढंच सांगायचं, की पिळू नकोस. एका वाक्याचं काम होतं." ती वळली. "काका, तुम्हाला?"

शिंपीकाकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. "सवय झाली होती गं आम्हाला," ते म्हणाले.

थोरलीला वाटलं, कोणी भर बाजारात थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिला आठवलं, कुणी तारीफ केली की ती कशी मान ताठ करून "हाताची गोष्ट आहे" म्हणायची. सगळे हो ला हो करायचे. सगळ्यांनी मिळून तिला सांभाळून घेतलं होतं, खुळ्या पोराला घेतात तसं. आणि आज ती नीट वागली तर कुणाला ती ओळखूच आली नाही.

आई उठायची धडपड करायला लागली. "हे बघ, फुली काय न् गोल काय. दुकान तुझंच. मी सांगते ना. धाकटीचीही हरकत नाही."

"नाहीच आहे," धाकटी घाईने म्हणाली. "ताई, घे ना गं."

"काय म्हणून घेऊ?" थोरली म्हणाली. "एकीने मला जिंकवायला वाईट कॉफी काढली, दुसरी वाईट आहे म्हणून ती गोड मानून प्यायली. चांगली काढून मी एकटीच वेडी ठरले."

 मग आईने, बिचारीने, तिला सुचलं ते केलं. डावीकडचा कप उचलला. कॉफी निवून गेली होती. तरी तिने ती सगळी प्यायली, सावकाश, लेकीकडे बघत, आणि कप पालथा घातला. बुडावरचा गोल वर आला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मनापासून कौतुक करायचं होतं, खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

"फार सुरेख झालीये गं," ती म्हणाली. "अगदी धाकटीच्या हातची वाटते."

थोरलीने मान हलवली. तिने दोन्ही कप उचलले, मागे नेऊन विसळले, पिशवीतला चोथा झाडून पिशवी धुतली आणि दांडीवर वाळत घातली. मग हात पुसून बाहेर आली आणि धाकटीला म्हणाली, "आधी पालथा पडला तो तुझा कप, दुकान तुझं. दुधाचा रतीब सकाळी लवकर येतो. उठत जा वेळेवर."