पट्टीवरची तारीख

सात दिवसांत तुंगाबाईंच्या डाव्या हातावरची चिकटपट्टी तीन वेळा बदलली गेली. तिन्ही वेळा नव्या पट्टीवर त्या दिवसाची तारीख सुवाच्य अक्षरात लिहिली गेली, आणि तिन्ही वेळा तक्त्यावर 'जागा ठीक' अशी नोंद झाली. सातव्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप चढला. दोन दिवसांनी त्यांच्या रक्तात जंतू सापडले.

मित्रांनो, मी हे सारे पाहिले आहे. मी सलाईनची बाटली टांगण्याचा एक जुना स्टँड आहे. आता मी इस्पितळाच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत उभा असतो. बोलता येत नाही आणि पाहणे टाळता येत नाही, अशी माझी जात.

माझा जन्म मैसूरच्याच एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळी, वर दोन आकडे, खाली पाच पाय आणि पाच चाके, एवढाच माझा देह. सरस्वतीपुरममधल्या एका वीस खाटांच्या इस्पितळात मला आणले गेले. पुढे माझ्यावरून किती बाटल्या रिकाम्या झाल्या याची मोजदाद नाही. लोकांना वाटते, की बाटलीतले पाणी सुईतून शरीरात जाते. ते अर्धे खरे आहे. सुई फक्त वाट दाखवते आणि लगेच बाहेर काढली जाते. शिरेत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. तिला सगळे सुईच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. कातडी हे शरीराचे कुंपण आहे, आणि ही नळी म्हणजे त्या कुंपणात आपण होऊन ठेवलेले भोक. त्यावर रोज नजर ठेवावी लागते.

ही नजर भानुमती सिस्टरांकडे होती. त्या आमच्या मुख्य परिचारिका. बाटली टांगण्याआधी त्या रुग्णाचा हात हातात घेत, सुईच्या वरच्या बाजूला शिरेवरून बोट फिरवत आणि रुग्णाच्या हाताऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे बघत. "तोंड खोटं बोलतं, पण चेहरा नाही बोलत," असे त्या नव्या मुलींना सांगत. त्यांचा आणखी एक नेम होता. पट्टीवर पट्टीची तारीख, आणि सुईची तारीख माझ्या अंगावर. माझ्या दांड्यावर, डोळ्यांच्या उंचीला, कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावत आणि लाल शाईने सुई बसवल्याचा दिवस आणि वेळ लिहीत. हातावरची पट्टी कितीदाही बदलली तरी माझ्यावरची तारीख सुई निघेपर्यंत हलत नसे. रुग्ण खाट बदले, तेव्हा मीही त्याच्या मागोमाग जाई. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत उपयोगाचे दिवस होते.

भानुमती सिस्टर निवृत्त झाल्या. पुढच्या वर्षी इस्पितळाची तपासणी व्हायची होती. तपासणीच्या यादीत 'उपकरणांवर चिकटपट्टीचे डाग नसावेत' असे एक वाक्य होते. ते वाक्य चुकीचे नव्हते. एका बाईने स्पिरिटच्या बोळ्याने मला घासून पुसून लख्ख केले. त्या दिवशी माझे सगळ्यांनी कौतुक केले. तारखेची जागा मात्र दुसरीकडे कुठे करायची, हे कोणीच ठरवले नाही.

मग एका सोमवारी तुंगाबाई आल्या. वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, फुफ्फुसात न्यूमोनिया. त्यांचे घराणे मराठी, पाचसहा पिढ्या मैसूरचे. पूर्वी घरात कापड रंगवण्याचा आणि छपाईचा धंदा होता. आजोबांचे लाकडी ठसे त्यांनी अजून जपून ठेवले होते. बेंगळूरुहून नात स्पंदना पुढच्या रविवारी येणार होती आणि तिला त्या ठशांनी एक पडदा छापून दाखवायचा होता. "रविवारी मला घरी सोडायलाच पाहिजे हं," हे त्यांचे इस्पितळातले पहिले वाक्य होते.

त्यांच्या शिरा बारीक आणि निसटत्या होत्या. तातडीच्या खोलीतल्या सिस्टरने पाच वेळा टोचले, तेव्हा कुठे सुई बसली. तुंगाबाईंचा मुलगा संकर्षण जवळच उभा होता. तो बँकेत अधिकारी. घाम मात्र आईपेक्षा त्यालाच जास्त आला होता.

वॉर्डात आणल्यावर तो तिथल्या सिस्टरला, पावनीला म्हणाला, "सिस्टर, एक विनंती. परत टोचू नका. आईला सोसवत नाही."

"आईला सोसतं रे," तुंगाबाई म्हणाल्या, "तुलाच नाही सोसत."

पावनी हसली. तीही मैसूरच्याच एका मराठी घरातली, पण तिची मराठी ओंजळभर, बाकी कन्नड. "आज्जी, येनू भीती नाही. ही लाइन मी जपते ना."

आणि तिने खरोखर जपली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा: या कथेत निष्काळजी म्हणावे असे कोणी नाही. मला तसे कोणी सापडले असते, तर मन हलके झाले असते.

बुधवारी तोंड धुताना पट्टी भिजली. पावनीने जुनी पट्टी काढली, जागा पुसली, नवी पांढरी पट्टी लावली आणि तारीख घातली. जुन्या पट्टीवर सोमवार होता. ती चुरगळून बादलीत गेली. गुरुवारी कडा सुटल्या म्हणून दुसऱ्या पाळीच्या सिस्टरने पट्टी बदलली. त्याच दिवशी दुपारी तुंगाबाईंनी पट्टीच्या काठाशी बोट नेले.

"संकर्षणा, इथे बघ. कुसुंबी रंग आलाय."

"कुठे?"

"काठाला. फिकट आहे, पण कुसुंबीच."

"आई, इथेही रंगच बघतेस का?"

"मग काय बघू? ह्या भिंतीला तर रंगच नाही."

दोघेही हसले. कुसुंबी म्हणजे करडईच्या फुलांचा गुलाबी. तो शिरेचा दाह होता. वर्णन अचूक होते, फक्त ते रंगाऱ्याच्या भाषेत होते.

शुक्रवारी डॉक्टर गंगाधरराव आले. छाती बरीच मोकळी झाली होती. त्यांनी शिरेतून जाणारे औषध थांबवून गोळ्या सुरू केल्या. त्या क्षणी सुईचे काम संपले.

"मग ही काढायची का, सर?" पावनीने विचारले.

संकर्षण चटकन म्हणाला, "डॉक्टर, असू दे ना. परत गरज पडली तर पुन्हा पाच वेळा टोचणार का?"

गंगाधरराव घाईत होते. "बरं, असू दे. रविवारी जाताना काढू."

शुक्रवारपासून माझ्यावर बाटली नव्हती. संकर्षणने माझ्या एका आकड्याला डब्याची पिशवी अडकवली आणि दुसऱ्याला छत्री. कुंपणातले भोक उघडेच होते, आणि आता त्यातून काहीही आत न्यायचे नव्हते.

शनिवारी सकाळी पावनी पट्टी बदलायला आली. पट्टीवर गुरुवारची तारीख होती. तिला वाटले, गुरुवारी दुसऱ्या पाळीत सुई नवी बसवली असणार. म्हणजे अजून दोनच दिवस झालेत. तिने तसे वाटून घेण्यात काही वावगे नव्हते. कागदावर वेगळे काही नव्हतेच.

"पावनी, मगा, पोरी, आज मंजिष्ठ झालाय बघ," तुंगाबाई म्हणाल्या.

"काय आज्जी?"

"हा रंग. परवा कुसुंबी होता. मंजिष्ठ म्हणजे गडद तांबडा, मुळीचा. आणि रेघेबाहेर चाललाय, वर. छाप्याचा रंग रेघेबाहेर गेला की कापड वाया."

पावनी वाकली. मला वाटले, आता ती बोट फिरवील. तिने बोट उचललेही. "दुखतंय का, आज्जी? दुखत असेल तर मी काढते, आणि सरांना विचारून दुसरीकडे घालते."

तुंगाबाईंनी मुलाकडे पाहिले. संकर्षणचा चेहरा सोमवारसारखा झाला होता.

"आई, खरंच दुखतंय? परत टोचून घ्यायचंय का?"

"साकु," त्या कन्नडात म्हणाल्या. "पुरे झालं. नाही दुखत. उद्या घरी जायचंच आहे."

पावनीने तक्त्यावर लिहिले: जागा ठीक. तोंड खोटे बोलले होते आणि चेहऱ्याकडे पाहायचे असते, हे सांगणारी बाई इस्पितळात राहिली नव्हती.

ती बाई रविवारी आली. भानुमती सिस्टर तुंगाबाईंच्याच रस्त्यावर राहत. शेजारीण सुटणार म्हणून इडल्यांचा डबा घेऊन भेटायला आल्या. खाटेवर तुंगाबाई पांघरूण घेऊन कुडकुडत होत्या.

"तुंगा, हे काय गं?"

"भानू, आलीस? उगीच थंडी वाजतेय. सुम्ने. स्पंदना आली का बघ."

भानुमती सिस्टरांनी डबा ठेवला, हात हातात घेतला आणि पट्टी उचलली. खाली शीर दोरीसारखी कडक झाली होती. तांबडी रेघ कोपरापर्यंत चढली होती. त्यांनी ताबडतोब सुई काढायला लावली आणि मग विचारले, "ही सुई कधीची?"

पावनीने पट्टी पाहिली. "कालची, मेडम."

"ही पट्टी कालची. मी सुई विचारतेय."

"गुरुवारची... असेल."

"असेल?" त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझ्या दांड्यावर डोळ्यांच्या उंचीला पाहिले. तिथे काहीच नव्हते. लख्ख लोखंडात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असेल.

स्पंदना संध्याकाळी पोचली. आजी तिला ठशांबद्दल सांगू लागली, पण वाक्ये मधेच तुटत होती. दुसऱ्या शिरेतून जास्त ताकदीचे प्रतिजैविक सुरू झाले. या वेळी तीनदा टोचावे लागले, आणि संकर्षण खोलीबाहेर भिंतीला तोंड करून उभा राहिला. मंगळवारी रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला: सर्वांच्या त्वचेवर राहणारा एक साधा जंतू, आता रक्तात. गुरुवारी दुपारी तुंगाबाई गेल्या.

मग कारणांचा शोध सुरू झाला. कोणी वयाकडे बोट दाखवले, कोणी न्यूमोनियाकडे. संकर्षणच्या मावशीने दृष्ट लागल्याचे सांगितले. औषधाच्या कुप्यांची तपासणी झाली. माझ्या पायाजवळ थोडा गंज होता, म्हणून माझ्यावरून कापसाचा बोळा फिरवून तोही प्रयोगशाळेत पाठवला. तो जंतू ना कुप्यांत सापडला, ना माझ्यावर. तरी मला जिन्याखाली हलवण्यात आले. दोषी ठरवायला न बोलणारा सोयीचा असतो.

पावनीकडून लेखी खुलासा मागितला गेला. व्यवस्थापकांनी तिला 'वय आणि मूळ आजार' एवढेच लिहायला सुचवले. ती जिन्याच्या पायरीवर, माझ्याशेजारी कागद घेऊन बसली. भानुमती सिस्टर तिच्याजवळ उभ्या होत्या.

"माझी नोकरी जाईल, मेडम."

"जाईल कदाचित."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते. आणि कोणाला वाचवू नकोस. मला पण नाही. तारीख लिहायची ती सवय मी तोंडीच शिकवली. नियम म्हणून कधी लिहून ठेवली नाही."

पावनीची नोकरी गेली नाही. तिचा कागद एका फायलीत लावला गेला, आणि वॉर्डातल्या नव्या चकचकीत स्टँडच्या अंगावर आजही कुठली तारीख नाही. मित्रांनो, मी उपदेश करण्याच्या योग्यतेचा नाही. एवढेच मागतो, की आजारी माणूस आपल्या शरीराबद्दल त्याच्या भाषेत काही सांगू लागला, तर हसण्याआधी पट्टी उचलून पाहा. सुई किती दिवसांनी बदलावी याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. लाली किंवा दुखणे दिसताच, किंवा काम संपताच, ती काढावी याबद्दल मतभेद नाहीत.

पावनीने लिहिलेला कागद मी तिच्या खांद्यावरून वाचला. तो असा होता:

'सुई सोमवारी बसवली. ती तारीख फक्त पहिल्या पट्टीवर होती. बुधवारी मी ती पट्टी फेकली. त्यानंतर आम्ही पट्टीची तारीख हीच सुईची तारीख समजत राहिलो, त्यामुळे सुई आम्हाला कायम नवी वाटली. शुक्रवारनंतर तिची गरज नव्हती. रुग्णाला पुन्हा टोचावे लागू नये म्हणून आम्ही ती ठेवली. रुग्णाने गुरुवारी लाली मुलाला दाखवली आणि शनिवारी मला. शनिवारी मी विचारले, पण हात लावून पाहिले नाही. जंतू सुईच्या जागेतून रक्तात गेले. मृत्यूचे कारण हे आहे.'