गती कायम मानू

“बेन, चालो, काकांना आधी वर घेऊ,” हार्दिक म्हणाला. त्याच्यामागे त्याचा मित्र रणवीर उभा होता. दोघंही कमरेपर्यंत भिजलेले.

विश्वामित्री नदीचं पाणी दुपारीच बडोद्याच्या समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत शिरलं होतं आणि मृदुलाबाईंच्या तळमजल्यावरच्या घरात ते पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. पलंगावर त्यांचे यजमान दत्तात्रेय पडून होते. पक्षाघाताने उजवं अंग गेलं, वाचा गेली, शुद्ध मात्र लख्ख. धिप्पाड माणूस, एकट्यादुकट्याला उचलणं शक्यच नव्हतं.

“आणि यशश्रीचं काय?” बाईंनी विचारलं. समोरच्या घरात यशश्रीला कळा सुरू झाल्या होत्या.

“तिला पछी नेऊ. पहेला तुमचं.”

“थांब जरा.”

मघापासून बाई भिंतीवर पेन्सिलीने बोटाबोटाच्या अंतराने रेघा मारत होत्या. पाणी पाव तासाला एक बोट चढत होतं आणि पलंगाच्या फळीला आठ बोटं बाकी होती. एक्सची किंमत दोन तास. शाळेत हयातभर त्यांनी नळ आणि टाक्यांची गणितं घातली होती. “भरता भरता गळणारी टाकी ठेवतंच कोण, बेन?” असं विचारणाऱ्या ह्याच हार्दिकचा कान त्यांनी पिरगळला होता.

“दोन तास आहेत. तिला आधी न्या, मग इथे या.”

“पक्कं ने, बेन?”

“गणित आहे रे, अफवा नाही. पळ!”

पोरं गेली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे मान हलवली. त्यांनाही पटलं होतं.

आणि मग पाणी उसळलं. वरच्या धरणातून सोडलं असेल, काय असेल ते असो, दोन रेघा बघता बघता बुडाल्या. असल्या गणिताआधी त्या फळ्यावर न चुकता लिहायच्या, ‘गती कायम मानू’. मानू म्हणे! मेल्या नदीला कुणी विचारलं होतं?

फोन लागेना. दिवे कधीच गेले होते, आणि बाहेर अंधारून आलं होतं. पायाला काहीतरी खरखरीत घासलं आणि बाईंनी पाय ओढून घेतला. मगर? नदीत त्या होत्याच, पण बडोद्यात पुराच्या दिवसांत हा शब्द कुणी मोठ्याने काढत नाही. पाट होता तो, देवघरातला. गादी ओली झाली तशा त्या पलंगावर चढल्या, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांनी त्यांना कसंबसं उठतं केलं आणि छातीशी धरलं. हात भरून आले.

“माझं चुकलं हो,” त्या रडायला लागल्या. “दुसऱ्याच्या लेकीपायी मी तुम्हालाच...”

“बेन! क्यां छो?” बाहेरून हार्दिकची हाक आली. अंधारात, पाण्यात त्याला दार सापडत नव्हतं.

बाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं, पण घशाला अशी कोरड पडली होती की आवाजच फुटेना. हात सोडावा तर नवरा पाण्यात जाणार.

दत्तात्रेयांचा डावा हात खिडकीशी चाचपडला. तिथला स्टीलचा ग्लास त्यांनी उचलला आणि गजांवर हाणला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

बॅटरीचा उजेड आत आला.

“यशश्रीताई वर पोचली, बेन. डॉक्टर पण आहेत तिथे,” म्हणत पोरांनी काकांना उचललं.

जिन्यावरही ग्लास वाजतच होता. कठड्यावर, भिंतीवर, जिथे लागेल तिथे.

“अहो, आलो आपण वर. सोडा आता,” बाई म्हणाल्या आणि ग्लास काढून घ्यायला गेल्या.

इतका वेळ शांत पडलेल्या त्या माणसाची बोटं सुटेनात.