खार फुटला कुठं

"एकशे बारा," राजपालने आकडा सांगितला आणि त्याची नवी मदतनीस हर्षालीने तो वहीत लिहून घेतला.

माकणीत मथुराबाईंच्या हरभऱ्यातून ती दोघं सकाळपासून चालत होती. राजपालच्या खांद्याला पट्ट्याने अडकवलेली लांब पिवळी पेटी जमिनीत संथ लहरी सोडायची आणि मातीत क्षार किती, ते खड्डा न खणता सांगायची. तिला आसपास लोखंड मात्र खपत नसे. म्हणून राजपाल मोबाइल, किल्ल्या, कमरेचा पट्टा सगळं बांधावर काढून ठेवायचा आणि पँटला सुतळी बांधायचा. हर्षालीलाही त्याने धातूच्या बांगड्या काढायला लावल्या होत्या. लोक त्याला सुतळीवाला म्हणून चिडवायचे. चिडवोत बापडे! पेटी जमिनीपासून वीतभर उंच धरून एकसारखं चालणं बावीस वर्षांत दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं आणि त्याचा त्याला भलताच अभिमान होता.

उमरग्याजवळच्या अपघातानंतर आठ महिन्यांनी तो आज पहिल्यांदाच शेतात उतरला होता.

"सगळीकडेच खार फुटलाय," बांधावरून कृष्णराज साहेब म्हणाले. माती तपासणी ऑफिसातले हे साहेब नवे, वयाने राजपालच्या निम्मे. "आजी, हरभरा काढावा लागेल. मधून चर खोदून खाऱ्या पाण्याच्या निचऱ्याला नळ्या टाकू."

"काढावा? आवो, घाटे धरायलेत की!" मथुराबाई कळवळल्या. "खार फुटलेल्या रानात हरभरा असा येतो व्हय?"

म्हातारी खरं बोलत होती. राजपालने पेटी खाली ठेवली आणि दहा पावलं मागे सरला.

"पोरी, आता वाच."

"अडतीस."

तो जवळ गेला. आकडा पुन्हा शंभरावर चढला.

अपघातानंतर राजपालच्या मांडीत बसवलेली सळई आता जन्माची होती. म्हणजे ही पेटीही त्याला जन्माची बंद. पेटी गेली की राजपाल कोण? ऑफिसात चहा आणणारा. गप्प बसावं, असं त्याला क्षणभर वाटलंही. पण मग हरभरा जाणार होता.

"साहेब, खार जमिनीत न्हाय," तो म्हणाला. "माझ्या मांडीत हाय."

"म्हणजे?"

"सळई हाय आत. सगळं लोखंड बांधावर ठिवलं, तेवढंच ठिवायचं राह्यलं."

साहेबांचा चेहरा उतरला. "राजपालमामा, माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या यायला पायजे व्हतं. तुमी कालचे. मला बावीस वर्षं झाली."

त्याने हर्षालीकडून वही घेतली, पेटीचा पट्टा तिच्या खांद्यावर चढवला आणि तिच्या उंचीला बेताचा केला. "आकड्याकडं बघू नको, समोर बघ. पाय सारखा पडू दे."

मग तो बांधावर जाऊन उभा राहिला. मथुराबाईंनी हरभऱ्याचे डहाळे पुढे केले. "बस की रं बाबा. पाय दुखत असंल."

"मोजणी चालूय मावशी."

त्याने वही उघडली. सकाळची दोन पानं रेघ मारून रद्द केली. वर यंत्रचालक म्हणून आपलं नाव होतं, ते खोडून हर्षालीचं लिहिलं.

"सदतीस!" शेतातून आवाज आला.

राजपालने आकडा ठळक अक्षरात मांडला आणि पुढच्यासाठी पेन धरून ताठ उभा राहिला.